तेल लावण्याआधी चार प्रश्न

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लावणी उरकते, चतुर्थी जवळ येते आणि कोकणात कंबरदुखीचा हंगाम सुरू होतो. तीन-चार आठवडे चिखलात वाकून तरवा लावलेल्या बायकांच्या पाठी भरून आलेल्या असतात. मुंबईहून दहा-बारा तास अवघडून बसून आलेल्या चाकरमान्यांच्या माना आखडलेल्या असतात. मग 'चांगली मालिश कोण करतो?' अशी विचारणा घरोघरी होते. किनाऱ्यालगतच्या गावांत आता मसाजच्या पाट्याही जागोजागी दिसतात. पण उपचार म्हणून मालिश घ्यायला गेल्यावर आत काय होते, काय व्हायला हवे आणि काय मुळीच होता कामा नये, हे आधी कोणी सांगत नाही. माणूस बिचकत जातो, संकोचाने गप्प पडून राहतो आणि जास्त दुखले तरी तोंड उघडत नाही. या गप्प राहण्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी कोणाकडे जायचे ते पाहू. फिजिओथेरपिस्टकडे पदवी असते आणि राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. आयुर्वेदाचे वैद्य स्नेहन-स्वेदनाचा (तेल लावून घाम आणण्याचा) भाग म्हणून अभ्यंग, म्हणजे अंगभर तेलाची मालिश, करवतात. तिथे तेल कोणते आणि किती दिवस, हे वैद्य ठरवतात, प्रत्यक्ष हात बहुधा मदतनिसाचे असतात. तिसरे, मालिशचा अभ्यासक्रम करून आलेले थेरपिस्ट. हा अभ्यासक्रम आठवड्याचाही असतो आणि वर्षाचाही, तेव्हा 'कुठे शिकलात, किती महिने, कोणाच्या हाताखाली' हे फोनवरच विचारावे. हात लावणारी व्यक्ती स्त्री असेल की पुरुष, खोली बंद आहे की नुसता पडदा, सोबत घरचे माणूस बसू शकेल का, सांगितलेल्या पैशात किती मिनिटे मिळतील, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार (फिजिओथेरपी) विभाग असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाठदुखी महिनोन्महिने चाललेली असेल तर पहिली फेरी तिथे मारावी.

पहिल्या भेटीत घड्याळ लावून पाहिले तर तासाभरातली दहा-पंधरा मिनिटे नुसत्या बोलण्यात जातात. 'पैसे दिले चोळायचे आणि हा प्रश्नच विचारत बसलाय' असे वाटते खरे. पण ही पंधरा मिनिटेच उपचाराचा पाया आहेत. कुठे दुखते, कधीपासून, सकाळी उठताना जास्त की काम करून आल्यावर, वाकताना की वळताना, दुखणे एका जागी आहे की पायात उतरते, मुंग्या येतात का, हे सारे विचारले जाते. नंतर तुम्हाला चालायला, वाकायला, हात वर करायला सांगतात. बोटांनी चाचपून दोन्ही बाजू ताडून पाहतात. हे काहीच न करता 'झोपा पालथे' म्हणणाऱ्याकडे उपचार म्हणून जाऊ नये, मग त्याची खोली कितीही देखणी असो.

तुमच्या बाजूने चार गोष्टी विचारण्याची वाट न पाहता सांगायच्या. पहिली, चालू औषधे. स्टेंट बसवल्यावर किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या दुखण्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात: क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, काहींना नुसती ॲस्पिरिन. अशा माणसाला कोपराने खोल दाब दिला तर स्नायूत रक्तस्राव होऊन काळानिळा गोळा उठतो. दुसरी, मधुमेह. पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे शेकाची पिशवी चटका देते आणि तो जाणवत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी सुई मांडीवर टोचली की पोटावर, हेही सांगावे. टोचल्यावर थोड्याच वेळात ती जागा चोळली किंवा शेकली तर इन्शुलिन रक्तात लवकर उतरते आणि साखर झपकन खाली येते. तिसरी, जुनी ऑपरेशने, मोडलेली हाडे, म्हातारपणी ठिसूळ झालेली हाडे, पायांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा, कॅन्सरचे उपचार, गर्भारपण. चौथी, त्वचा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली गजकर्ण उठते. लाज वाटून ते लपवले की चादरीतून आणि हातांतून पुढच्या माणसापर्यंत पोहोचते. तीळ किंवा शेंगदाणा सोसत नसेल तर तेही सांगावे.

आता कोकणापुरती एक गोष्ट, आणि ती मला या पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात शेतात पाण्यात उभे राहून काम केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखत असल्या आणि डोळे लाल झाले असले, तर त्याला तेल लावत बसू नका. ही लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लक्षणे असू शकतात. उंदरांच्या व गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू पायांच्या जखमांवाटे शिरतात. वेळेत औषध मिळाले तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत धोक्यात येतात. 'लावणीने अंग धरलंय, दोन दिवस चोळलं की उतरेल' या समजुतीत ते दोन दिवस जातात. तसाच माकडताप. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि सावंतवाडी भागात २०१६ पासून त्याची ओळख झाली आहे. जानेवारी ते मेच्या सुमारास काजूच्या बागेत किंवा रानात गेलेल्याला गोचीड चावते, मग जोराचा ताप आणि अंग मोडून काढणारी वेदना. डेंग्यूतही अंग असेच मोडून येते. माकडतापात आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून चोळणे दूरच ठेवावे. ताप असेपर्यंत मालिश नाही, हा नियम कडक पाळावा. ताप आलेल्याने आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

चाकरमान्यांसाठीही एक सूचना. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर शिरेत रक्ताची गाठ धरलेली असू शकते. ती चोळून सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते आणि जिवावर बेतते. दोन्ही पाय थोडे सुजणे वेगळे आणि एकच पाय फुगणे वेगळे, हा फरक ध्यानात ठेवावा. आंब्यावरून किंवा माडावरून पडलेल्याची पाठ एक्स-रे काढल्याशिवाय कोणी चोळू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डावा खांदा, जबडा, छाती भरून येऊन घाम सुटला, तर तो हृदयाचा मामला समजावा. उसण म्हणून तिथे बाम चोळत बसू नये.

एवढे झाले की मग खोलीतला भाग. जाण्याआधी दीड-दोन तास जड जेवू नये, पण उपाशीही जाऊ नये. पेज किंवा दोन इडल्या पुरे. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. भरल्या पोटावर पालथे झोपून पाहिले की त्यातले शहाणपण कळते. सोबत जुना सैल परकर किंवा अर्धी चड्डी आणि पंचा न्यावा, तेलाचे डाग सहजी जात नाहीत. गळ्यातले, कानातले घरीच ठेवावे.

कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचे. थेरपिस्ट बाहेर जातो, तुम्ही कपडे उतरवून चादरीखाली झोपता, मग तो दार वाजवून आत येतो. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करायचा, बाकी अंग चादरीखाली. पाय झाला की पाय झाकायचा आणि मग पाठ उघडायची. छाती, स्तन, गुप्तांग यांना उपचाराच्या मालिशमध्ये हात लागत नाही. लागला तर तो उपचार नव्हे, तिथल्या तिथे उठून यावे आणि गरज पडली तर पोलिसांत जावे. अंगावर कपडे ठेवूनही मान-खांद्याचे काम बऱ्यापैकी होते, तेव्हा केवळ संकोचापोटी उपचार टाळू नये. अठराखालच्या मुलामुलींसोबत घरचे मोठे माणूस खोलीत हवेच.

टेबलाला तोंडाशी भोक असते, त्यामुळे मान सरळ राहते. सतरंजीवर पालथे झोपून मान एकीकडे वळवून अर्धा तास पडलो तर पाठ सुटते आणि मान धरते. पालथे झोपताना घोट्यांखाली आणि उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल देतात, त्याने कमरेवरचा ताण कमी होतो. दिला नसेल तर मागावा. गर्भार बाईला कुशीवर झोपवून, पोटाशी आणि गुडघ्यांमध्ये उशा देऊन काम करतात, तेही तिच्या डॉक्टरांना विचारून.

पावसाळ्यात स्वच्छतेकडे जरा डोळे उघडून पाहावे. चादर प्रत्येकासाठी नवी धुतलेली हवी आणि ती नीट वाळलेली हवी. कुबट वास आला तर बदलून मागावी. थेरपिस्टची नखे कापलेली, हात तुमच्यासमोर धुतलेले, अंगठ्या काढलेल्या. तेल बाटलीतून वाटीत तुमच्यापुरते ओतलेले असावे. उरलेले परत बाटलीत जाताना दिसले तर दुसऱ्यांदा तिथे जाऊ नये.

तेलाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. पाठीला दोन-तीन चमचे तेल पुरते, सगळ्या अंगाला लहान वाटीभर. तेल जितके जास्त तितका हात घसरतो आणि आखडलेला स्नायू पकडीत येत नाही, म्हणून खोल काम करणारा थेरपिस्ट मधेच पंच्याने तेल पुसून घेतो. ती कंजुषी समजू नये. खोबरेल हलके, तिळाचे जरा दाट. उंडीचे तेल सांध्यांना लावायची जुनी रीत आहे, पण त्याचा वास उग्र असतो आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे. खरचटलेल्या जागी कुठलेच तेल नको. गरम करायचे तर वाटी गरम पाण्यात ठेवून. थेट गॅसवर तापवलेले तेल वरून कोमट लागते आणि तळाशी चटका देण्याइतके तापलेले असते. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून मगच ते तुमच्या पाठीवर यायला हवे.

हात कसे चालतात तेही पाहा. पहिली तीन-चार मिनिटे तळहाताने लांब, हलके, हृदयाच्या दिशेने हात फिरवतात. त्याने तेल पसरते, अंग तापते, आणि बोटांना कुठे काय घट्ट आहे याचा अंदाज येतो. मग भाकरीचे पीठ मळावे तसे स्नायू उचलून मळणे. नंतर अंगठ्याने किंवा बोटांच्या पेरांनी छोट्या जागेवर घासणे. शेवटी पुन्हा हलका हात. हे प्रकार आणि त्यांची फ्रेंच नावे रूढ करण्याचे श्रेय योहान मेझगर या १९व्या शतकातील डच डॉक्टरांना देतात.

खांदा आणि मान यांच्या मधल्या मांसात बोट फिरवले तर सुतळीसारखी एक ताठ पट्टी लागते. तिच्यात वाटाण्याएवढी जागा अशी असते की तिथे दाबल्यावर कळ कानशिलाकडे जाते. पुष्कळांची 'डोकेदुखी' तिथून निघते. अशा जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या जागांचे नकाशेच तयार केले. कुल्ल्याच्या स्नायूतली अशी जागा दाबली की कळ मांडीवरून खाली पोटरीपर्यंत जाते आणि माणसाला सायटिका वाटतो. तिथे घासाघीस करायची नसते. अंगठा ठेवून अर्धा ते दीड मिनिट एकसारखा दाब धरायचा, दुखणे ओसरत गेले की दाब सोडायचा.

दाब किती? 'जोरान दाबा, तेवाच बरा वाटता' हे वाक्य आपल्याकडे सगळे म्हणतात. पण शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी धरली तर दुखणे सहाच्या पुढे जाऊ देऊ नये. श्वास रोखला जातोय, दात आवळले जातायत, पायाची बोटे वळतायत, याचा अर्थ स्नायू सुटण्याऐवजी स्वतःला वाचवायला आणखी आवळला जातोय. हवेहवेसे दुखणे आणि सुरी लागल्यासारखी कळ यांत फरक आहे. कळ आली, मुंग्या आल्या, हातपाय बधिर वाटला, तर 'थांबा' म्हणायचे. एवढा एक शब्द बोलायला थेरपिस्टची परवानगी लागत नाही.

मालिशच्या नावाखाली होणारे तीन प्रकार मात्र बंद व्हायला हवेत. केस कापून झाल्यावर खुर्चीत बसवून मान दोन्हीकडे कडाकड मोडतात, तो पहिला. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्याने मान पिळली की त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. आवाज आला म्हणजे काही जागेवर बसले, असे नसते. सांध्यातल्या द्रवातला वायू आवाज करतो. दुसरा, लहान मुलाच्या कोपराला मार लागला की तेल लावून रगडणे. आत रक्त साकळलेले असते, ते रगडले की स्नायूत हाड धरू शकते आणि कोपर कायमचा आखडू शकतो. कोपर सुजला की झोळी बांधून हाडांच्या डॉक्टरकडे न्यावे. तिसरा, उसण भरली म्हणून पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेणे. उसण बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप उतरते, म्हणून लाथेचा गुण आल्यासारखे वाटते. पण साठीच्या बाईचे हाड ठिसूळ असले तर त्याच लाथेने मणका दबतो. साधी लचक असली तरी पहिले दोन-तीन दिवस चोळू नये आणि शेकूही नये.

काम संपल्यावर टेबलावरून टुणकन उतरू नका. कुशीवर वळा, हाताने उठून बसा, मिनिट-दोन मिनिटे पाय खाली सोडून थांबा. पडून राहिल्याने रक्तदाब उतरलेला असतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते. त्या दिवशी झाडावर चढणे, होडी ओढणे टाळावे. दुसऱ्या दिवशी थोडे ठणकणे साहजिक आहे, ते दोन दिवसांत जाते. 'मालिशने अंगातले विष बाहेर पडते, म्हणून तीन लिटर पाणी प्या' असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. याला आधार नाही. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. 'लॅक्टिक ॲसिड निघून जाते' हेही तसेच, कारण श्रमाने वाढलेले ते ॲसिड तासा-दीड तासात शरीर स्वतःच निपटून काढते.

मग मालिशने होते तरी काय? दुखणे काही दिवस कमी होते, हालचाल मोकळी होते, झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाबरोबर मालिशचाही समावेश आहे. ते 'बरोबर' महत्त्वाचे. दुखणे कमी झालेल्या त्या तीन-चार दिवसांत व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात. म्हणून चांगला थेरपिस्ट घरी करायचे दोन-तीन व्यायाम देतो आणि पुढच्या वेळी ते करून दाखवायला लावतो. भिंत आणि पाठ यांच्यात टेनिसचा चेंडू धरून खांद्याच्या पात्याजवळ मिनिटभर दाबणे हा त्यातलाच एक. चेंडू कण्यावर मात्र येऊ द्यायचा नाही. रात्री पोटरीत गोळा आला तर चोळण्याआधी पायाची बोटे स्वतःकडे ओढून पोटरी ताणावी, गोळा तिथेच सुटतो. कमरेसाठी लावणीत दर अर्ध्या तासाने सरळ उभे राहून, कमरेवर हात ठेवून, पाच वेळा मागे वाकावे. बांधावर कोणी हसले तर हसू दे.

साधे आखडणे आठवड्याला एक याप्रमाणे तीन-चार वेळांत बरेच सुटते. तीन वेळा जाऊनही तसूभर फरक नसेल तर चौथ्याऐवजी डॉक्टरकडे जावे. दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरून घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी नाही म्हणावे. किती बैठका लागतील हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. आणि मालिशनंतर तीन दिवस उलटूनही दुखणे वाढतच असेल, काळेनिळे डाग उठले असतील किंवा हातापायाला मुंग्या सुरू झाल्या असतील, तर थेरपिस्टला फोन करून सांगावे. डाग वाढत असतील किंवा मुंग्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नेमके कुठे, केव्हापासून, बसल्यावर की चालताना, हे सांगता यावे म्हणून कागदावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सिंधुदुर्ग